कमरेइतकं पाणी

कळंबोलीच्या लोखंड बाजारात शांतवन साळवेंचा आवाज ओळखत नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. गॅस कटरची फुरफुर, मागे येणाऱ्या ट्रकांचे हॉर्न, सळ्या पडल्याचा खणखणाट, आणि या सगळ्यावरून त्यांची हाळी जायची. एका गोदामावर ते मुकादम होते. क्रेनला टांगलेली लोखंडी प्लेट हवेत असली की खालची माणसं वर बघायची नाहीत, शांतवनभाऊंचं ऐकायची. ते "थांब" म्हणाले की क्रेन थांबायची. त्या आवाजावर माणसं आपले हातपाय सोपवून काम करत होती.

मी त्यांना ओळखते ती त्यांच्या बायकोमुळे. माझे यजमान विश्वजित भालेराव कळंबोलीतल्या एका छोट्या मंडळीचे पास्टर. मंडळी म्हणजे रविवारी शाळेच्या हॉलमध्ये उपासनेला जमणारी शंभरएक माणसं. बाकं आम्हीच लावतो, आम्हीच उचलून ठेवतो. राहेल साळवे त्यात कितीतरी वर्षं एकटीच येत होती. ट्रकवाल्यांच्या एका खानावळीत पोळ्या लाटून थेट यायची, हाताला पीठ असायचं. नवऱ्याचं विचारलं की म्हणायची, येतील कधीतरी.

मग एका रविवारी ते खरंच आले. मागे, चपला काढतात तिथे उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच. असं बरेच महिने चाललं. गाणी सुरू झाली की मात्र आम्हाला माईकची गरज उरायची नाही.

प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट त्यांच्यापर्यंत जायचं आणि ते हात मागे घ्यायचे. आमच्यात बाप्तिस्मा झालेल्यांनीच ती भाकरी घ्यायची असते. मला वाटायचं, नव्यानं विश्वासात आलेले असतील. पण तसं नव्हतं. नेवाशाकडच्या खेड्यातलं त्यांचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. घरातल्या सगळ्या पोरांचा तान्हेपणीच देवळात बाप्तिस्मा झालेला, डोक्यावर पाणी शिंपडून. शांतवनभाऊ शेंडेफळ. त्यांच्या जन्माच्या सुमाराला त्यांच्या वडिलांचं आणि तिथल्या पाळकांचं दफनभूमीच्या जागेवरून वाजलं. वडिलांनी पुन्हा देवळाची पायरी चढणार नाही अशी शपथ घेतली आणि मरेपर्यंत पाळली. त्या भांडणात या पोराला देवळात न्यायचं कुणाला सुचलंच नाही. मोठी भावंडं चिडवायची, सगळे भिजले, ह्यो तेवढा कोरडा राहिला. पोरवयात ते हसण्यावारी गेलं. मग गाव सुटलं, कळंबोली आली, आणि दारूही आली.

दारूबद्दल मला राहेलनं फार सांगितलं नाही. दोनदा जालन्याला माहेरी निघून गेले होते, एवढंच म्हणाली. पण त्यांच्या मुलीचं नाव निघालं की तिचा चेहरा बदलायचा. क्रांती त्यांची एकुलती एक. बाजारात ज्या आवाजावर माणसं विसंबायची, तोच आवाज जिन्यात आला की घरात मायलेकी दिवा मालवून बसायच्या. क्रांती शिकली, नोकरीला लागली आणि बॅग भरून गेली. सानपाड्याला राहायची. अश्विन नावाच्या मुलाशी लग्न केलं ते आईला सांगून, बापाला न सांगता. आईला फोन करायची तोही दुपारी, बाप कामावर असेल अशा वेळी. ती गेल्यावर शांतवनभाऊंनी दारू सोडली. कुणी सांगून नाही, शपथ घालूनही नाही. पण घर रिकामं झालेलं होतं ते झालेलंच.

एका रविवारी ह्यांनी बाप्तिस्म्यावर उपदेश केला. ह्यांचं बोलणं साधं असतं. म्हणाले, पाण्याखाली जाणं म्हणजे जुना माणूस पुरणं, आणि वर येणं म्हणजे नवा माणूस उठणं. पाण्यात पाप धुण्याची ताकद नाही, धुणारा निराळा आहे. नदीकाठी बाप्तिस्मा देणारा योहान स्वतःच सांगायचा, मी फक्त पाण्यानं देतो, माझ्यामागून येणारा आत्म्यानं देईल. मग पाणी कशाला? तर आत जे झालं ते चारचौघांत उघड व्हावं म्हणून.

उपासना संपल्यावर शांतवनभाऊ बाकं उचलायला थांबले. सगळे गेल्यावर ह्यांच्याजवळ आले.

"पास्टरसाहेब, जुना मानूस पुरायचा म्हनला ना तुमी? माझा लई जुना हाय. मला पान्यात उतरायचंय."

आमच्या मंडळीत लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. मोठं झाल्यावर, आपल्या समजुतीनं, पूर्ण पाण्याखाली जाऊन घ्यायचा अशी आमची रीत. त्याआधी काही रविवार शिकवणीला बसावं लागतं. शांतवनभाऊ अंघोळ करून, केस चापून बसवून शिकवणीला यायचे. खूप विचारायचे. पाण्याखाली किती वेळ राहायचं? डोळे उघडे ठेवले तर चालतं का? नेऱ्याच्या पुढे गाढी नदीत एक उथळ, शांत जागा आहे, आम्ही तिथेच जातो. दिवाळीनंतर जायचं ठरलं. राहेलनं त्यांना पांढरा सदरा शिवून घेतला.

त्याच दिवसांत त्यांचा घसा बसला. बाजारातल्या धुळीनं बसला असेल म्हणून हळद-दूध झालं, काढे झाले. तो मोकळा होईना. तपासण्या झाल्या आणि स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन लवकर करायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. हे म्हणाले, शांतवनभाऊ, ॲडमिट व्हायच्या आधी बाप्तिस्मा उरकून घेऊ, उद्याच नेऱ्याला जाऊ. त्यांनी मान हलवली. घोगऱ्या आवाजात सांगितलं, "आता घेतला तर देव म्हनंल, मरनाला भिऊन आला. सौदा नको. बरा होऊन येतो. सगळ्यांम्होरं उभा ऱ्हाऊन मोठ्यांदा म्हनतो, माझा इश्वास हाय."

आवाज जाणार हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. पण जाणार म्हणजे बसणार, घोगरा होणार, असंच त्यांनी धरलं. बाकीचं तर आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. स्वरयंत्र पूर्ण काढलं. आता श्वास नाकातोंडातून नाही, गळ्याच्या खालच्या बाजूला केलेल्या भोकातून घ्यायचा, कायमचा. घरी सोडायच्या आधी नर्स राहेलला सगळं समजावत होती, मी शेजारीच उभी होते. भोक कसं पुसायचं, वर जाळीदार रुमाल कसा बांधायचा. मग ती म्हणाली की पाण्याचं सगळ्यात जपायचं. हे भोक थेट फुप्फुसात जातं, पाणी गेलं तर माणूस बुडतो, बादलीभर पाण्यातसुद्धा. अंघोळ जपून, शॉवर नको. नदी, तलाव, समुद्र कायमचं बंद.

मी शांतवनभाऊंकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज नव्हता आणि ओठ वाचायची सवय अजून कुणाला नव्हती. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

बरे झाल्यावर ते गोदामावर परत गेले. मालक भला माणूस, त्यानं काम काढून घेतलं नाही. हाळी देता येत नाही म्हणून ते हातात सळईचा तुकडा ठेवायचे आणि प्लेटवर ठोकायचे. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. माणसं शिकली. पुढे हॉस्पिटलातल्या स्पीचवाल्या मॅडमनी एक छोटं मशीन दिलं. ते गळ्याला टेकवून ओठ हलवले की शब्द उमटतात, पण सगळे एका सुरात, भुंगा गुणगुणल्यासारखे. मंडळीतली लेकरं पहिल्या दिवशी आयांच्या मागे लपली. शांतवनभाऊंनी मशीन खिशात टाकलं आणि बरेच दिवस काढलं नाही.

रविवारी मात्र चुकले नाहीत. आता राहेलजवळ बाकावर बसायचे. प्रार्थनेच्या वेळी आमच्याकडे माणसं मोठ्यानं प्रार्थना करतात, काहीजण आत्म्यानं भरून कुणालाच न कळणाऱ्या अन्य भाषांत बोलतात, कुणी रडतं. त्या सगळ्या आवाजात शांतवनभाऊ एकटे गप्प. आवाज ओसरला, हॉल शांत झाला की त्यांच्या गळ्यातून श्वासाची बारीक शिट्टी ऐकू यायची. आमच्यातल्या एका बाईनं सहज म्हटलं, आत्मा आला की माणूस बोलू लागतो. तिच्या मनात काही नव्हतं. पण शांतवनभाऊंनी ते ऐकलं, आणि त्या दिवशी चहाला न थांबता गेले.

बाप्तिस्म्याला आम्ही नेऱ्याला जायचो तेव्हा ते बरोबर यायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण टॉवेल सांभाळायचं काम त्यांनी आपलं आपणच घेतलं. माणसं पाण्यात उतरायची, हे त्यांना मागे झुकवून पूर्ण पाण्याखाली न्यायचे, वर काढायचे, काठावर गाणं सुरू व्हायचं. भिजलेला माणूस काठावर आला की शांतवनभाऊ टॉवेल उलगडून पुढे. मी चहाच्या भांड्यापाशी असायचे, तिथून मला ते नीट दिसायचे. ते माणसाकडे बघत नसत. माणूस जिथे पाण्याखाली गेला त्या जागेकडे बघत असत, तिथलं पाणी पुन्हा सारखं होईपर्यंत.

अशी दोन वर्षं गेली असतील. एकदा ते आमच्या घरी आले, एकटेच. मी चहा टाकला. त्यांनी खिशातून मशीन काढून गळ्याला लावलं, म्हणजे काहीतरी मोठं बोलायचं होतं. विचारलं, माझं पाण्याचं काय?

ह्यांना हा प्रश्न कधीतरी येणार हे ठाऊक होतं. हे मायेनं बोलले. म्हणाले, शांतवनभाऊ, तुमचा बाप्तिस्मा आत झालेला आहे. दारू सुटली, माणूस बदलला, हे आत्म्याचंच काम. क्रुसावर येशूशेजारी टांगलेला चोर कुठे पाण्यात उतरला होता? तरी त्याला प्रभूनं आपल्याबरोबर नेलं. पाणी ही खूण. ज्याची खूण ते तुमच्याजवळ आहेच.

शांतवनभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग मशीन पुन्हा टेकवलं. तो एकसुरी आवाज आमच्या लहानशा खोलीत फार मोठा वाटला.

"खरं हाय. पन हे तुमी बाकीच्यांना सांगत न्हाई. त्यांना न्हाई म्हनत, आत्मा पुरे, पानी नको. मलाच का?"

चहा तसाच निवला.

त्यानंतर ह्यांची झोप गेली. ह्यांनी पुण्याच्या एका वडीलधाऱ्या पास्टरांना फोन केला. ते म्हणाले, देव मन बघतो, त्यांना धीर द्या, पण नवी रीत पाडू नका. राहेल म्हणाली, माझा तर लहानपणी पाणी शिंपडूनच झाला, जालन्याच्या देवळात, तो काय खोटा आहे? पनवेलला आमच्या जालन्यासारखं जुनं देऊळ आहे, तिथले पाळक आनंदानं देतील. ह्यांनीही तसं सुचवलं. शांतवनभाऊंनी दोघांनाही नाही म्हटलं. शिंपडलेलं खोटं नाही, असं त्यांनी ओठांनी सांगितलं आणि राहेलनं ते आम्हाला बोलून दाखवलं. पण ज्या माणसांत मी बसतो त्यांनी मला पाण्यात बघायला पाहिजे. माझे सगळे रंग त्यांनी पाहिलेत, पिऊन पडलेलंही काहींनी पाहिलंय.

त्या दिवशी हे एक निराळीच गोष्ट बोलले. म्हणाले, शास्त्राच्या जुन्या भाषेत आत्मा, वारा आणि श्वास यांना एकच शब्द आहे. आणि तिथे असंही सांगितलंय की आपल्याला काय मागावं ते कळत नाही तेव्हा आत्मा स्वतःच आपल्यासाठी कण्हत असतो, शब्दांवाचून. शांतवनभाऊ ऐकत होते. त्यांनी नकळत दोन बोटं गळ्याच्या रुमालावर ठेवली. तिथून श्वास येत-जात होता.

पुढच्या तपासणीला हे त्यांच्याबरोबर गेले आणि डॉक्टरांना सरळ विचारलं. डॉक्टर आधी हसले, मग शांतवनभाऊंचा चेहरा बघून हसायचे थांबले. छातीपर्यंतसुद्धा नको, म्हणाले. जोराच्या ओढीचं पाणी नको. कमरेपर्यंत चालेल, दोन्ही बाजूंनी धरायला माणसं हवीत.

कमरेपर्यंत उतरून डोक्याचं काय करायचं, यावर आमच्या स्वयंपाकघरात बोलणं चाललं होतं. राहेल लसूण सोलत बसली होती. म्हणाली, रोज डोक्यावरून अंघोळ मीच घालते की. पुढे वाकवायचं, गळ्याला जाड पंचा घट्ट धरायचा आणि मागून ओतायचं. पाणी कपाळावरून सरळ खाली पडतं. आजपर्यंत थेंब आत गेलेला नाही.

ह्यांनी रविवारी मंडळीला सांगितलं तेव्हा कुजबुज झाली. दत्तूकाका आमच्यातले सगळ्यात वडील, रीतीभातीला कडक. ते उठून म्हणाले, पाण्याखाली न जाता पुरणं कसलं? उद्या थंडी वाजते म्हणून सगळेच कमरेवर थांबतील. ह्यांनी शांतपणे उत्तर दिलं. पाणी इथे कमी नाही, काका, या माणसाचा श्वास कमी आहे. दोन वर्षं ते काठावर टॉवेल घेऊन उभे आहेत. मी त्यांना आणखी उभं ठेवणार नाही, आणि चुकत असेन तर देवापुढे मी जाब देईन. दत्तूकाका खाली बसले. पटलं असं म्हणाले नाहीत.

शांतवनभाऊंनी राहेलला एकच काम सांगितलं, क्रांतीला बोलाव. ऑपरेशनच्या वेळी क्रांती हॉस्पिटलात आली होती, पण वॉर्डाच्या दारापर्यंतच. राहेलनं फोन केला. क्रांती म्हणाली, बघते.

नेऱ्याला गेलो त्या सकाळी हवा गार होती, नदी संथ होती. पांढरा सदरा त्यांना सैल झाला होता. ते चप्पल काढून काठावर उभे राहिले, पण पाण्याकडे पाठ करून. रस्त्याकडे बघत होते. एक गाडी आली, ती दुसऱ्याच कुणाची होती. हे घाई करत नव्हते. शेवटी त्यांनीच मान हलवली, चला.

हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला कोण उतरणार हे ठरलेलं होतं, केतन नावाचा आमच्यातलाच एक दणकट माणूस. पण तो पँट दुमडत असतानाच दत्तूकाका धोतर खोचून पाण्यात शिरले आणि शांतवनभाऊंचा दंड धरला. राहेल लुगड्यासकट मागून गेली, पंचा गळ्याशी दोन्ही हातांनी घट्ट धरून. पाणी कमरेला लागलं तिथे चौघंही थांबली.

ह्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, प्रभू येशूवर तुमचा विश्वास आहे का? मशीन काठावर राहिलं होतं. काठावर कुणी खोकललंसुद्धा नाही. शांतवनभाऊंनी तोंड वर केलं आणि ओठ हलवले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. एव्हाना सगळ्यांना ते ओठ वाचता येत होते. माझा इश्वास हाय.

मग ते पुढे वाकले. ह्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं तीनदा मागून ओतलं. पाणी केसांतून, कपाळावरून, नाकाच्या शेंड्यावरून नदीत पडलं. झालं, भाऊ, असं हे म्हणाले. शांतवनभाऊ वाकलेलेच राहिले. काठावर गाणं सुरू झालं, संपायला आलं, तरी ते तसेच, तोंड पाण्याच्या अगदी जवळ. शेवटी राहेलनं त्यांना सरळ केलं.

मी त्यांना एका धोंड्यावर बसवून चहा दिला. माणसं येऊन हात हातात घेत होती, ते हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थोड्या वेळानं गर्दी कमी झाली तेव्हा त्यांनी मशीन लावलं.

"खाली न्हाई गेलो, ताई. पानी हितं व्हतं." त्यांनी तळहात चेहऱ्यासमोर धरला. "एवढंच अंतर."

वाईट वाटतंय का, मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आणि जरा वेळानं, कप खाली ठेवताना, हो म्हणूनही हलवली.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचा तुकडा त्यांनी घेतला आणि सगळ्यांचा खाऊन झाला तरी तळहातावर ठेवून होते. त्यांना गिळायला वेळ लागतो, हे सगळ्यांना माहीत होतं. ह्यांनी पुढची प्रार्थना सुरू केली नाही. त्यांचं होईपर्यंत थांबले.

क्रांती आली ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, नाताळ होऊन गेल्यावर. हे मला राहेलनं सांगितलं, जसं घडलं तसं. आधी फोन न करता आली. दाराजवळच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर, पायात चप्पल तशीच. शांतवनभाऊ नुकते कामावरून आले होते. त्यांनी मशीन काढून बोलायला सुरुवात केली आणि क्रांती दचकली.

"ते नको, पप्पा. बंद करा ते. तसंच बोला, मी बघते."

त्यांनी मशीन बाजूला ठेवलं आणि ओठांनी बोलले. क्रांतीला सवय नव्हती. राहेल सांगायला पुढे झाली, म्हणतायत की... पण क्रांतीनं तिला हातानं थांबवलं.

"माफ कर म्हणाले ना? आई, ते तू नको सांगू. दिसलं मला."

राहेलनं पोहे केले, क्रांतीनं थोडे खाल्ले. निघताना ती बापाकडे न बघता म्हणाली, "लहान असताना मी देवाकडे एकच मागायचे. हा आवाज बंद होऊ दे. आता झाला ना बंद, तर मला तोच ऐकू येतो सारखा. मला खरंच कळत नाही पप्पा, मी माफ केलंय की नाही. टेन्शन घेऊ नका. मी येईन परत." शांतवनभाऊ तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले. रिक्षा वळली तरी तिथेच उभे होते, असं राहेल म्हणाली.

त्याच आठवड्यात ते ह्यांना भेटायला आले. विचारलं, पास्टरसाहेब, पाण्याचं झालं. आत्म्याचंही झालं म्हणता. मग नवा माणूस तिला कधी दिसणार? ह्यांनी विचार करून सांगितलं, पाण्याचं काम एका सकाळी होतं, भाऊ. आत्म्याचं तसं नसतं. ते चालूच राहतं, कुणाला कधी दिसेल ते आपल्या हातात नाही. शांतवनभाऊ उठले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. त्या दिवशी हे जेवताना मला म्हणाले, मी इतक्या माणसांना पाण्यात नेलं, पण पाण्याची इतकी ओढ असलेला माणूस दुसरा पाहिला नाही, आणि माझ्या स्वतःच्या बाप्तिस्म्याला मला तर नुसती थंडीच वाजत होती.

क्रांती त्यानंतर दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा अश्विनलाही घेऊन आली. चप्पल काढून आत बसली. पण माझ्या घरी या, असं अजून म्हणालेली नाही. गोदामाच्या कामानं शांतवनभाऊंना अधूनमधून सानपाड्याला जावं लागतं. क्रांतीची सोसायटी स्टेशनपासून लांब नाही, राहेलनं एकदा रिक्षातून दाखवली होती. ते स्टेशनवर उतरतात, आपलं काम करतात आणि परत येतात. बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय.